घरची वडीलधारी माणसे आणि मोबाईलवरचा दवाखाना



लागण, खोडवा, पाणी, खत आणि तोडणी यांविषयी या पत्रिकेत आपण नेहमी वाचता. हा लेख उसाविषयी नाही. पण हंगाम सुरू झाला, टोळी फडात उतरली, की आपल्या घरात ज्यांच्याकडे सर्वांत आधी दुर्लक्ष होते, त्यांच्याविषयी आहे. म्हणजे आपले आई-वडील, चुलते-चुलती, सासू-सासरे. ज्यांनी डोक्यावर पाटी घेऊन कारखान्याचे पहिले भाग घेतले, त्यातली बरीच माणसे आज काठी टेकून ओसरीवर बसली आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती. पोरे पुण्या-मुंबईला गेल्यामुळे खेड्यात हे प्रमाण डोळ्यांना त्याहून जास्तच दिसते.

या माणसांच्या औषधपाण्यासाठी मोबाईलचा काही उपयोग होतो का, झाला तर किती, आणि कुठे होत नाही, हे समजून घेण्यासाठी हा लेख. निमित्त मात्र मुंबईचे आहे. ते आधी सांगतो.

आरे कॉलनीतले आप्पा

आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, १९६८ साली गाव सोडून मुंबईला गेले आणि आरेच्या दूध योजनेत कामाला लागले. आता वय ७९. चुलतभाऊही तिथेच नोकरीला आहे, म्हणून सगळे तिथेच राहतात.

ज्यांनी आरे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबई शहरातल्या गल्लीबोळातले म्हशींचे तबेले बाहेर हलवून लोकांना चांगले दूध मिळावे म्हणून १९४९ साली सरकारने गोरेगावच्या पूर्वेला ही वसाहत उभी केली. उद्घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ही योजना उभी करणारे दारा खुरोडी यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच वेळी आणंदचे त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांनाही मिळाला. क्षेत्र तीन हजार एकरांहून जास्त. तबेल्यांच्या वस्त्यांना तिथे ‘युनिट’ म्हणतात आणि पत्ता युनिटच्या नंबरावरून सांगतात. शेणाच्या पाण्यावर पॅरा गवत वाढवायचे आणि ते म्हशींना घालायचे, ही तिथली जुनी पद्धत आपल्या शेतकऱ्याला बघण्यासारखी.

या युनिटांच्या मधल्या टेकड्यांवर, झाडीत वारली व इतर आदिवासींचे २७ पाडे आहेत. दूध योजना आली त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे तिथे राहतात. उत्तरेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागून आहे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बिबट्याने इथे माणसांवर हल्ले केल्याचे आपण वाचले असेल. ऑक्टोबर २०२४ पासून आरेच्या दाराशी भुयारी मेट्रो आली आहे. पण काही पाड्यांकडे जाताना रस्ता संपतो आणि पायवाट लागते. रात्री म्हाताऱ्या माणसाला छातीत कळ आली, तर आधी उचलून रस्त्यापर्यंत आणायचे, मग वाहन बघायचे. दवाखाने जवळ आहेत. जोगेश्वरीला महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय आहे, पलीकडे जुहूला कूपर आहे. नकाशावर ते हाताच्या अंतरावर दिसते. पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ती एक दिवसाची मोहीम होते. पोराची रजा, रिक्षा, केसपेपरची रांग, पुन्हा रिक्षा. म्हणजे मुंबईत राहूनसुद्धा गत आपल्या मळ्यातल्या वस्तीसारखीच.

गोळी एक, नावे दोन

डिसेंबरात आमचा ऊस गेला. जानेवारीत भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेलो, आणि दोन दिवस आप्पांकडे राहिलो. सकाळी आप्पा अंथरुणावरून उठले आणि एकदम भिंतीला टेकले. “डोळ्यापुढं अंधारी येतीया रं,” म्हणाले. असे गेले तीन आठवडे चालले होते. पायही सुजले होते. घरात सगळ्यांचे म्हणणे एकच, “वय झालंय, चालायचंच.”

चुलतभावाची मुलगी कॉलेजला आहे. तिने मोबाईल काढला, सरकारच्या मोफत सेवेवर नाव नोंदवले, मोबाईलवर आलेला नंबर टाकला आणि थांबली. थोड्या वेळाने पडद्यावर डॉक्टरीणबाई दिसल्या. आम्हाला वाटले, आता गोळी लिहून देतील आणि मोकळ्या होतील. तसे झाले नाही. त्यांनी आधी विचारले, “आजोबा, सध्या जेवढ्या गोळ्या खाता, तेवढ्या सगळ्यांची पाकिटं माझ्यासमोर धरा.”

काकूने पिशवी आणली आणि खाटेवर उलटी केली. सहा-सात पाकिटे निघाली. पोरगी एकेक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरीत गेली. चौथ्या पाकिटाला बाई थांबल्या. “आजोबा, ह्या दोन गोळ्या कुठून घेतल्या?”

आप्पा म्हणाले, “एक हिकडची, एक गावाकडची.”

दोन्ही पाकिटांवर कंपनीची नावे निराळी, रंग निराळा. खाली बारीक अक्षरात औषधाचे नाव एकच, अ‍ॅम्लोडिपिन. रक्तदाबाची गोळी. मुंबईच्या डॉक्टरांनी ती आधीच दिलेली होती. दिवाळीला आप्पा गावी आले तेव्हा एका दवाखान्यात दाखवले. तिथे जुने कागद नेले नव्हते, तिथल्या डॉक्टरांनी तपासून तीच गोळी दुसऱ्या नावाची दिली. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच दिले होते. पण आप्पा दोन्हीही खात होते. चूक कुणा एकाची म्हणता येणार नाही, चूक मधल्या रिकाम्या जागेची.

बाईंनी मग मोबाईल पायांकडे वळवायला सांगितला, घोट्याजवळ बोट दाबायला सांगितले. खड्डा पडला. घरात यंत्र होते. बसून रक्तदाब १०४/६० आला, उभे करून घेतला तर त्याहून खाली. बाईंनी सांगितले की दुसरी गोळी आजपासून बंद, उठताना आधी काठावर बसायचे आणि मग उभे राहायचे. आणि दोन दिवसांच्या आत रुग्णालयात जाऊन हृदयाची पट्टी आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करायची. “हे मी फोनवरून बघू शकत नाही,” असे त्या स्वतःच म्हणाल्या. शेवटी मोबाईलवर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी आली.

आठवड्याने चुलतभावाचा फोन आला. अंधारी थांबली, सूज उतरत होती. आप्पांना वयाने भिंतीला टेकवले नव्हते, एका पाकिटाने टेकवले होते. ते एखाद्या सकाळी मोरीत पडले असते आणि खुब्याचे हाड मोडले असते, तर त्या वयात माणूस पुन्हा उभा राहतोच असे नाही.

(वाचकांनी यावरून आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नये. बंद करायला सांगितली ती डॉक्टरांनी, सगळी पाकिटे पाहून आणि रक्तदाब विचारून.)

ही सेवा चालते कशी

या सेवेचे नाव ‘ई-संजीवनी’. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याची आहे आणि संपूर्ण फुकट आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला, आणि करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, माणसाला घरबसल्या थेट डॉक्टरशी बोलण्याची सोय झाली. आतापर्यंत देशभरात तीस कोटींहून जास्त वेळा लोकांनी तिचा सल्ला घेतला आहे.

ही कल्पना तशी जुनीच. २००० साली आंध्रातल्या अरगोंडा या खेड्यात दूरवैद्यकाचा प्रयोग झाला. पुढे इस्रोच्या उपग्रहाच्या जोरावर आपल्याकडेही मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय काही जिल्हा रुग्णालयांशी जोडले गेले. पण त्या वेळी त्यासाठी स्वतंत्र खोली, छत्री आणि माणूस लागे. आता तेवढे काम खिशातल्या मोबाईलने होते, हा फरक.

या सेवेचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता घरचा. वर सांगितला तोच. मोबाईलवर नाव नोंदवायचे, नंबर लावायचा, डॉक्टर आले की बोलायचे. यासाठी घरात मोबाईल चालवणारे पोर आणि बरी रेंज पाहिजे.

दुसरा रस्ता गावच्या आरोग्य उपकेंद्राचा, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना हाच जास्त सोयीचा. उपकेंद्रांना आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले असतात. ते माणसाचा रक्तदाब, साखर, वजन घेतात, आणि तिथूनच मोबाईलवर वा संगणकावर वरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरशी जोडून देतात. डॉक्टर चिठ्ठी पाठवतात, उपकेंद्रात असलेले औषध तिथेच मिळते.

बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मधे तुंबा, आणि तुंब्यातून चारी बाजूंना गेलेले आरे. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर हा तुंबा आणि गावोगावची उपकेंद्रे हे आरे. योगायोगाने आमच्या आप्पांच्या वसाहतीचे नावही तेच. या रस्त्याचा फायदा असा की म्हाताऱ्या माणसाला मोबाईल येत नसला तरी चालते, आणि हात लावून तपासणारे कुणीतरी समोर असते.

फोनवरून डॉक्टरने काय करावे आणि काय करू नये, याचे नियम सरकारने २५ मार्च २०२० रोजी काढलेले आहेत. त्यातल्या चार गोष्टी आपल्याला ठाऊक असाव्यात. एक, डॉक्टरने आपले नाव व नोंदणी क्रमांक सांगितला पाहिजे. दोन, फोनवर भागेल की प्रत्यक्ष यावे लागेल, हे डॉक्टरच ठरवतो, आणि तो ‘या’ म्हणाला तर गेलेच पाहिजे. तीन, गुंगीची व अंमली द्रव्यांच्या कायद्यात येणारी औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत. चार, चालू औषध पुढे चालू ठेवणे आणि नवीन औषध सुरू करणे यांत फरक आहे. नव्यासाठी डॉक्टर जास्त सावध राहतो, त्याचा राग मानू नये.

मोबाईल कुठे कामाचा नाही

हे ठळकपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. कारण सोय झाली की माणूस तिच्यावर रेलतो.

तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वा पाय लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, तर तो अर्धांगवायूचा झटका समजावा. अशा वेळी मोबाईलवर डॉक्टर शोधत बसायचे नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते देण्याआधी मेंदूचा स्कॅन लागतो. म्हणून झटका नेमका किती वाजता आला, ते घड्याळात बघून ठेवावे. छातीत दाबल्यासारखे दुखणे, दम लागून ओठ निळे पडणे, पडून डोक्याला मार, शुद्ध हरपणे, काळी शी वा रक्ताची उलटी, यातले काहीही झाले तर १०८ नंबर फिरवायचा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. ऊसवाहतुकीच्या दिवसांत आपले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी अडलेले असतात, हे ध्यानात घेऊन एक माणूस फाट्यावर उभा करावा.

यंत्राचा आकडा आणि ब्रिक्सचा आकडा

आता घरोघरी रक्तदाबाचे डिजिटल यंत्र आले आहे. पण आकडा कसा घ्यायचा हे फारच थोड्या जणांना ठाऊक असते.

फडात शेतकी खात्याचा माणूस ब्रिक्समीटर घेऊन येतो, तेव्हा एका उसाचा एक थेंब घालून तो ऊस पक्व ठरवत नाही. फडातले वेगवेगळे ऊस घेतो, शेंड्याचा, मधला, बुडख्याचा रस बघतो आणि मग बोलतो. रक्तदाबाचेही तसेच. एका आकड्यावर घाबरू नये, आणि एका आकड्यावर निर्धास्तही होऊ नये.

पद्धत अशी. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्यावरून नव्हे. हात टेबलावर, काळजाच्या उंचीला. यंत्र चालू असताना बोलायचे नाही, आणि गप्पा मारणाऱ्या शेजाऱ्यालाही गप्प करायचे. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्यावा, आणि दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहावेत. मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडाचे यंत्र बरे. साधारणपणे आकडा वारंवार १४०/९० किंवा वर येऊ लागला तर डॉक्टरांना दाखवावे. फार वयस्कर माणसासाठी किती आकडा योग्य, ते डॉक्टर ठरवतील. आणि आप्पांचे उदाहरण आठवावे, आकडा फार खाली येणेही तितकेच वाईट.

साखरेचे यंत्र असेल तर एवढेच लक्षात ठेवावे की ७० च्या खाली साखर गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर माणूस शुद्धीवर असल्यास लगेच साखरेचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. आपल्याच कारखान्याची साखर अशा वेळी औषध होते. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे चिमटे करोनात सगळ्यांनी घेतले, ते आता कपाटात पडून आहेत. बोट गार असले वा नखाला रंग असला तर तो आकडा चुकतो.

न आलेल्या माणसाची यादी

डिजिटल साधनांचा सर्वांत मोठा उपयोग कुठला, असे कुणी मला विचारले तर मी पडद्यावरचा डॉक्टर म्हणणार नाही. मी ‘यादी’ म्हणेन.

रक्तदाबाचे दुखणे खोडव्यासारखे आहे. एकदा लावले की आपोआप येते असे समजून आपण त्याकडे पाठ फिरवतो, आणि वजनकाट्यावर गेल्यावर डोळे उघडतात. रक्तदाब दुखत नाही. त्यामुळे माणूस महिनाभर गोळी घेतो, बरे वाटते, सोडून देतो. दवाखान्यात जो येतो त्याला डॉक्टर तपासतो. जो येत नाही तो कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतो, आणि झटका त्यालाच येतो.

यावर २०१७ च्या अखेरीपासून देशात एक मोठा उपक्रम चालू झाला, भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपल्या ऊसपट्ट्यातला सातारा होता. यात परिचारिकेच्या मोबाईलवर ‘सिंपल’ नावाचे एक साधे अ‍ॅप असते. माणसाला एक कार्ड देतात, त्यावर चौकोनी ठिपक्यांची खूण. कार्ड मोबाईलसमोर धरले की त्याचा मागचा सगळा रक्तदाब आणि औषधे दिसतात. आजचा आकडा भरायला मिनिटभरही लागत नाही. आणि जो माणूस ठरलेल्या तारखेला आला नाही, त्याचे नाव आपोआप यादीत वर येते. मग त्याला फोन जातो, “आजोबा, गोळ्या संपल्या असतील, या.” २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

आपल्याला हे नवीन नाही. कुणाच्या प्लॉटची लागण कधीची, तोड कधी यायची, हे गट ऑफिसला नोंदीवरून कळते. नोंद नसलेल्या उसाची काय अवस्था होते, ते आपण जाणतोच. म्हाताऱ्या माणसाची तेवढी तरी नोंद असावी.

दोन कार्डांचा घोटाळा

‘आभा’ आणि ‘आयुष्मान’ या दोन कार्डांत पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात.

‘आभा’ हा १४ आकड्यांचा क्रमांक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, त्यातला हा भाग. ह्या क्रमांकाखाली आपले तपासणीचे कागद, चिठ्ठ्या एकत्र राहू शकतात, आणि आपण परवानगी दिली तर दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. तो घेणे ऐच्छिक आहे. यातून एक रुपयाही मिळत नाही. ते बँकेचे नव्हे, कागदांचे खाते आहे. आप्पांचे मुंबईचे कागद गावच्या डॉक्टरांना दिसले असते तर दुसरे पाकीट घरात आलेच नसते.

‘आयुष्मान वय वंदना’ हे कार्ड निराळे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ते मिळते. त्यावर ठरलेल्या रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचाराला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. घरात सत्तरी ओलांडलेले दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. बागायतदार आहे म्हणून मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. मात्र हे दाखल होण्यासाठी आहे, बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्यांसाठी नाही. आधारवरून ओळख पटवून कार्ड निघते, म्हणून आधारवरची जन्मतारीख आधी तपासावी. आपल्या बऱ्याच म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून असते आणि साल अंदाजे. आजारपण आल्यावर ते दुरुस्त करायला धावू नये.

चोरांपासून सांभाळून

जिथे सोय आली तिथे चोर आलाच. “आजोबा, तुमचं पाच लाखांचं कार्ड मंजूर झालंय, मोबाईलवर नंबर आलाय तो सांगा,” असे फोन येतात. ध्यानात ठेवा, सरकारी कार्डाला पैसे पडत नाहीत, आणि कुठलाही डॉक्टर वा आरोग्य खाते फोन करून तुमचा ओटीपी विचारत नाही. ओटीपी आपण स्वतः अ‍ॅपमध्ये टाकायचा असतो, कुणाला सांगायचा नसतो. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल मोबाईलवर उघडू नये. उसाचे बिल जमा होते त्याच खात्याला जोडलेला मोबाईल म्हाताऱ्या माणसाकडे असेल तर दुप्पट जपावे. फसगत झालीच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० वर कळवा. जितके लवकर कळवाल तितके पैसे अडण्याची शक्यता जास्त.

आईची पिशवी

आता शेवटची गोष्ट. ती लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

मुंबईहून परत आलो तेव्हा डोक्यात आप्पांची पिशवी होती. घरात पाय ठेवला आणि आईला म्हणालो, “आई, तुझ्या गोळ्यांची पिशवी आण बघू.” आई ७६ वर्षांची. रक्तदाब दहा वर्षांपासून. ती म्हणाली, “आसू दे की, आत्ताच आलायस, च्या घे.” मी पिशवी स्वतःच काढली. पाकिटे होती, पण सगळी रिकामी. घड्या घालून नीट ठेवलेली.

“कधी संपल्या?”

“झालं की म्हैना-दीड म्हैना.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तुझी तोड चालली हुती. टोळी दारात. तुला कुठं तालुक्याला पाठवायचं?”

मी डिसेंबरात रोज चिटबॉयला दोनदा फोन करीत होतो. कोणत्या ट्रॉलीचे वजन किती, हे मला मोबाईलवर बसल्या जागी दिसत होते. आणि त्याच घरात, त्याच ओसरीवर, आईच्या गोळ्या संपल्या हे मला दीड महिना ठाऊक नव्हते. रक्तदाब घेतला तर १७८/९६. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात नेले. तिथल्या ताईंनी पुन्हा मोजला, डॉक्टरांशी जोडून दिले, गोळ्या त्याच दिवशी चालू झाल्या. तेव्हा देवाच्या कृपेने काही झाले नव्हते. पण ‘काही झाले नाही’ यात माझा काही पराक्रम नाही.

आता माझ्या मोबाईलवर दर महिन्याच्या २० तारखेला घंटा वाजते. त्यावर एवढेच लिहिलेले आहे, ‘आईच्या गोळ्या’. याला अ‍ॅप लागत नाही, कार्ड लागत नाही, शिकलेले पोर लागत नाही.

सभासदांना विनंती

हंगामाआधी आपण ट्रॅक्टरचे टायर बघतो, पाइपलाइन बघतो, बँकेचे बघतो. त्याच आठवड्यात पुढील पाच कामे करावीत.

१. घरातल्या वडीलधाऱ्यांची गोळ्यांची पिशवी खाटेवर उलटी करावी. प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षरातले औषधाचे नाव वाचावे. तेच नाव दोनदा दिसले तर डॉक्टरांना विचारावे.

२. सगळ्या पाकिटांचा आणि शेवटच्या चिठ्ठीचा एक स्पष्ट फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. एक गावातल्याच्या, एक मुंबई-पुण्यातल्याच्या.

३. गोळ्या कधी संपणार ती तारीख मोबाईलमध्ये घंटेला लावावी, आणि कॅलेंडरवरही लाल खूण करावी.

४. सत्तरी ओलांडली असेल तर वय वंदना कार्ड काढून घ्यावे.

५. गावच्या उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांची एकदा भेट घ्यावी. ई-संजीवनी कोणत्या वारी, किती वाजता जोडून देतात ते विचारून ठेवावे.

हे नंबर दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहावेत. रुग्णवाहिका १०८. ज्येष्ठ नागरिकांची मदतवाहिनी १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. मन खचले, झोप उडाली, एकटे वाटू लागले तर टेलिमानस १४४१६, दिवसरात्र आणि मराठीतूनही. फसवणूक झाल्यास १९३०.

आणि एक गोष्ट यंत्राने होत नाही. आपली आई, आपला बाप ‘तुझं काम चाललंय’ म्हणून गप्प बसतात. त्यांना विचारायला कुठल्याही मोबाईलवरून आपोआप माणूस येत नाही. संध्याकाळी फडातून आल्यावर पायावर पाणी घेताना एवढेच विचारावे, “गोळी घेतली का?” आणि उत्तर ऐकून न थांबता, पाकीट बघावे.